विमलवैनी आणि घोड्याची सहा चाकं

विमलवैनी गेल्याची बातमी मला आमच्या कारखान्याच्या ऑफिसात कळली, आणि तीही दोन दिवस उशिरा. मी सोलापूरकडच्या एका साखर कारखान्यात टाकी बसवायच्या कामावर होतो. परत आलो तेव्हा टेलिफोनशेजारच्या वहीत आमच्या क्लार्कनं लिहून ठेवलं होतं, ‘टायरवाल्या बाई वारल्या. मुलीचा फोन होता.’ एवढंच. त्याच्याखाली वेल्डिंग रॉडच्या पेट्या कधी पाठवायच्या, असा दुसरा निरोप होता. मी दोन्ही वाचले आणि आधी रॉडच्या पेट्यांचा फोन केला... हे सांगायला बरं वाटत नाही, पण तसं झालं. बातमी वाचणं आणि ती आत उतरणं, यांत थोडा वेळ जातो. तो वेळ मी पेट्या मोजून घेण्यात घालवला. मग दुपारी जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद केला.

लोणी देवकरहून इंदापूरकडे निघालं की पाच-सहा किलोमीटरवर हमरस्त्याला लागून पत्र्याची एक शेड आहे. दारात कॉम्प्रेसर, मागं दोन खोल्यांचं घर, समोर उभी करून ठेवलेली जुनी टायरं. पाटीवर नाव श्रीपतभाऊंचं, म्हणजे विमलवैनींच्या नवऱ्याचं. काम मात्र सगळं वैनी करायच्या. ट्रकची, ट्रॅक्टरची, उसाच्या ट्रॉल्यांची चाकं त्या खोलायच्या, टायर उतरवायच्या, चढवायच्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेला, वर नवऱ्याचा जुना खाकी शर्ट, हातात टॉमी. टॉमी म्हणजे चाकाचे नट खोलायची लांब पहार. नव्यानं येणारा ड्रायव्हर आधी इकडंतिकडं बघायचा आणि विचारायचा, ‘मिस्त्री कुठायत?’ त्यावर वैनी फक्त विचारायच्या, ‘कंचं चाक?’

त्यांचं माहेर कोऱ्हाळे बुद्रुकचं. वडील एका साखर कारखान्यात फिटरच्या हाताखाली होते. शिक्षण सातवीपर्यंत. मी कऱ्हाटीचा, आमच्या घरातला पहिला डिप्लोमा झालेला. आमची पहिली भेट सहा-सात वर्षांपूर्वीची, आणि ती काही फारशी चांगली झाली नाही.

लोणी देवकरची औद्योगिक वसाहत तेव्हा नुकती उठत होती. आमच्या कारखान्यात साखर कारखान्यांसाठी मोठ्या लोखंडी टाक्या बनायच्या. मालकांनी त्या पोचवायला एक जुना ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे मागचा लांबलचक सांगाडा. त्याला ओढणारा जो पुढचा भाग, इंजिन आणि केबिनचा, त्याला आमच्याकडं घोडा म्हणतात. घोडा आमच्याकडं आधीपासून होता. घोड्याच्या पाठीवर लोखंडी तबकडी असते. ट्रेलरची खुंटी तिच्यात अडकते आणि ट्रेलरच्या पुढच्या भागाचं सगळं ओझं घोड्याच्या मागच्या चार चाकांवर बसतं. पुढं दोन चाकं, मागं दोन्ही बाजूंना दोन-दोनची जोडी, अशी ती सहा चाकं. ती होती नऊशे-वीस मापाची, म्हणजे साध्या मालट्रकची. ट्रेलरची चाकं मात्र हजार-वीसची, दांडगी. पहिली मोठी टाकी बारामतीच्या पलीकडं पोचवायची ठरली तेव्हा आमचे ड्रायव्हर इब्राहीमचाचा म्हणाले, ‘साहेब, घोड्याची टायरं पुरायची न्हाईत. वैनीला दाखवू.’

वैनींनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग लांब जाऊन रस्त्याच्या कडेला उकिडव्या बसल्या आणि गाडी एका बाजूनं बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘ट्रेलर नाक खाली घालून उभाय. घोडा बुटका पडतोय त्याला.’ मला हे दिसलं नव्हतं. घोड्याची चाकं ट्रेलरपेक्षा लहान, त्यामुळं सगळा सांगाडा पुढं झुकत होता आणि नको तेवढा भार घोड्यावर येत होता. मी सांगितलं की आम्ही टायर बदलतोय, हजार-वीसची सहा नवी टायरं मागवलीयत. त्यांनी विचारलं, ‘आन् डिस्का?’

डिस्क म्हणजे टायर ज्यावर बसतं ते लोखंडी चाक. मी म्हणालो, डिस्क आहेत त्याच राहतील, टायर त्यांच्यावर बसतं, मी पुस्तकात पाहिलंय. ते खरंही होतं. वैनींनी हात शर्टाला पुसले.

‘बसतंय. पर जोडीचं काय? जुनी डिस्क अरुंद हाय. दोन टायरात दोन बोटं जागा राहील.’

‘दोन बोटं पुष्कळ झाली.’

‘गाडी रिकामी हाय तवर. भार पडला की टायर पोट काढतंय, साहेब. दोघांची पोटं एकमेकाला लागली की घासून तापत्यात, आन् मग आतलं फुटतंय. रुंद डिस्का आणा, मग घालते.’

रुंद डिस्क मिळायला आठवडा गेला असता. पलीकडच्या कारखान्यानं टाकी उतरवायला क्रेन ठरवून ठेवली होती, ती सोमवारी दुपारी यायची होती. मी पंचवीस-सव्वीस वर्षांचा होतो, आणि हे काम वेळेत होईल असा शब्द मीच मालकांना दिला होता. मी वैनींना म्हणालो, माझा हिशेब बरोबर आहे, तुम्ही टायर चढवा, जबाबदारी माझी. त्या म्हणाल्या, ‘जबाबदारी घ्यायला तुमी असाल, पर फुटंल तवा चाकाजवळ कोण आसंल ते कुणी सांगावं?’ आणि त्या आत निघून गेल्या. दारातल्या खाटेवर श्रीपतभाऊ बसले होते. त्यांचा एक डोळा गेलेला, जबडा एका बाजूला वाकडा. ते माझ्याकडं बघून काहीतरी बोलले. मला एक शब्दही कळला नाही. निघताना मी जीपमधून हात केला, तर वैनींनी दारातून नुसतं पाहिलं, हात वर केला नाही. बाई ताठ आहे, असं मी मनात म्हणालो.

इंदापुरातल्या दुसऱ्या एका दुकानात अर्ध्या दिवसात जुन्या डिस्कांवर नवी टायरं चढली. त्या माणसानं काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. ट्रेलरवर टाकी साखळ्यांनी आवळलेली, मी केबिनमध्ये चाचांच्या शेजारी. भिगवणपर्यंत काही झालं नाही. तिथं चहाला थांबलो तेव्हा चाचा मागं जाऊन आले आणि म्हणाले, ‘रबराचा वास येतोय, साहेब. डावी जोडी हात लावू देत न्हाय.’ मी खाली उतरून पाहिलं. दोन टायरांमधून उजेड दिसत नव्हता... दोन बोटं काय, कागदही गेला नसता. मला तेव्हा कळलं होतं. हे मी इथं मुद्दाम लिहितो, कारण नंतर बरेच दिवस मी लोकांना सांगत होतो की कळलं नव्हतं. मी घड्याळ पाहिलं आणि म्हणालो, हळू चला.

बारामतीच्या रस्त्याला लागून तासभर झाला असेल, तेव्हा डावीकडचं आतलं टायर फुटलं. आवाज तोफेसारखा म्हणतात तसा नसतो. छातीवर कुणी फळी मारावी तसा असतो. टायरचा फाटलेला पट्टा, माणसाच्या उंचीचा, उडून कडेच्या उसात गेला. मिनिटभर आधी आम्ही त्याच कडेनं चाललेल्या दोन बायांना मागं टाकलं होतं, डोक्यावर वैरणीचे भारे घेतलेल्या. गाडी डावीकडं बसली, टाकी कण्हल्यासारखी हलली, आणि चाचांनी ब्रेकवर पाय न देता, नुसत्या गियरवर ओढत तिला कडेला आणून उभी केली. बाया मागून चालत आल्या, टाकीकडं बघत बघत शेजारून गेल्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं. चाचा खाली उतरून मैलाच्या दगडावर बसले.

मी दुधाच्या टेंपोत बसून उलट वैनींच्या दुकानात गेलो. वाटेत काय बोलायचं त्याची तयारी करत होतो. त्या भाकरी खात होत्या. मी टायर फुटल्याचं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, ‘माणसं?’ सगळी धड आहेत म्हणाल्यावर त्यांनी उरलेली भाकरी खाऊन हात धुतला आणि मला शेडच्या मागं नेलं. तिथं भिंतीला चार चाकं टेकवून ठेवली होती. रुंद डिस्का, त्यांच्यावर वापरलेली पण चांगल्या नक्षीची हजार-वीसची टायरं, हवा भरलेली.

‘ही कुणाची?’ मी विचारलं.

‘तुमचीच. तुमी गेल्यावर बारामतीच्या भंगारातनं डिस्का आणवल्या. म्हनलं, येतील परत... न्हाय आला तर बरंच.’

चाकं एका टेंपोत टाकून आम्ही गाडीपाशी पोचलो. पुढचे तीन तास मी त्यांना काम करताना पाहिलं. आधी मला आणि चाचांना गाडीच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते सांगितलं. मग चाकांच्या मागंपुढं दगड, जॅकखाली रेल्वेचा लाकडी स्लीपर, जॅक दोन-दोन इंच वर, दर खेपेला खाली आणखी एक लाकूड सरकवायचं. जॅक निसटला तरी गाडी लाकडावर बसली पाहिजे, जमिनीवर नाही. एका बाजूची जोडी पुरी झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हात लावला नाही. मी मदतीला पुढं झालो तेव्हा हातानं खूण करून विचारलं, जॅक सोडू का. त्यांनी वर पाहिलं नाही. मी पुन्हा खूण केली. तेव्हा काम थांबवून त्या म्हणाल्या, ‘तोंडानं सांगा, साहेब. हाताच्या खुणंवर माझ्याकडं काम चालत न्हाय.’ चारही चाकं बसल्यावर त्यांनी मला बोलावून जोडीच्या फटीत मूठ घालायला लावली. भरल्या गाडीखाली माझी मूठ आरामात गेली.

क्रेन निघून गेली होती. टाकी दुसऱ्या दिवशी उतरली. मालकांनी लेखी खुलासा मागितला आणि मी लिहिलं, ‘टायर सदोष निघाले.’ चाचांनी हे कधीतरी वैनींना सांगितलं असावं. पंधरा दिवसांनी मी जुनी टायरं न्यायला गेलो तेव्हा त्यांनी फाटलेलं टायर समोर आणून टाकलं, त्याची घासून गुळगुळीत झालेली कड दाखवली आणि म्हणाल्या, ‘टायर चांगलं हुतं.’ मी परत जाऊन दुसरा खुलासा लिहिला. नोकरी गेली नाही, पण पुढची दोन वर्षं मला टाकी पोचवायच्या कामावर पाठवलं नाही. त्याचं मला फार वाईट वाटलं असं नाही.

त्यानंतर त्यांच्याकडं जाणं-येणं सुरू झालं. कधी काम असायचं, कधी नसायचं. त्यांच्या तोंडी माझं ‘साहेब’चं ‘मिलिंदराव’ झालं. एकदा मी पाहिलं की जोडणी करून झाल्यावर हवा भरताना वैनी चाक दोन जुन्या पलंगांच्या लोखंडी चौकटींमध्ये उभं करतात आणि त्या चौकटी साखळीनं बांधतात. मी विचारलं, हे कशाला? त्यांनी उडवाउडवीचं उत्तर दिलं. पण मला कल्पना आली. ट्रकच्या जुन्या डिस्कवर टायर अडकवून धरायला पोलादी रिंग असते. ती नीट बसली नसेल तर हवेच्या दाबानं उडते, आणि समोर जे असेल ते घेऊन जाते. मी कारखान्यातल्या उरलेल्या जाड पाइपचा एक पिंजरा करून घेतला, चाक आत जाईल आणि दार बंद होईल असा, आणि ट्रॅक्टरवर टाकून त्यांच्याकडं नेला. वैनींनी त्याला सगळीकडून हात लावून पाहिला, एका जोडाला हातोडी मारून पाहिली. मग चहा टाकला आणि चहा देताना, पहिल्यांदा आणि माझ्या ऐकण्यात एकदाच, ते सगळं सांगितलं.

तेव्हा दुकान श्रीपतभाऊ चालवायचे आणि वैनी मदत करायच्या. उसाचा हंगाम होता, गाड्यांची रांग लागलेली. भाऊ चाकावर वाकून रिंग हातोडीनं ठोकून बसवत होते आणि वैनी कॉम्प्रेसरच्या नळावर उभ्या होत्या. कॉम्प्रेसरच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून त्यांच्यात खूण ठरलेली होती. भाऊंनी हात वर केला की नळ सोडायचा. ‘हात वर झालेला मला दिसला,’ वैनी म्हणाल्या. ‘मी हवा सोडली. दोन मिंटात रिंग उडाली आन् यांच्या तोंडावर बसली. नंतर तिथं उभा असलेला ड्रायव्हर म्हनला, बाई, त्यो घाम पुसाय हात वर करत हुता, तुमाला सोड कुठं म्हनला...’

खाटेवरचे श्रीपतभाऊ एकदम बोलायला लागले. जबड्याचं हाड वेडंवाकडं जुळलेलं, त्यामुळं त्यांचं बोलणं बाहेरच्या माणसाला कळायचंच नाही. घरातही ते पुरतं फक्त वैनींना कळायचं. गिऱ्हाइकाशी ते काही बोलले की वैनी सांगायच्या, ‘ते म्हणत्यात, मागच्या चाकात हवा कमी हाय.’ त्या दिवशी भाऊ बराच वेळ बोलत राहिले, हातानं मांडी आपटत. मी विचारलं, ‘काय म्हणतायत?’

‘काय न्हाय,’ वैनी म्हणाल्या. ‘गूळ कमी पडला म्हणत्यात चात.’

मी तेव्हा त्यावर विश्वास ठेवला.

पुढच्या तीन-चार वर्षांत या पट्ट्यात कारखाने वाढले, तशा अवजड माल ओढणाऱ्या गाड्या वाढल्या. जुन्या ट्रकचे घोडे करून मागं ट्रेलर लावायचा, हे जो तो करायला लागला. आणि चाकं कुठली घालायची हे विचारायला माणसं वैनींकडं यायला लागली. त्या आधी गाडी लांबून बघायच्या. मग काय ओढणार, कुठल्या रस्त्यानं, चढ किती, हे विचारायच्या. नुसतं मोठं टायर मागणाऱ्याला सांगायच्या की चाक मोठं केलं की गाडीची ओढ कमी होते, चढाला दम तुटतो, तेव्हा आधी इंजिन बघा. काहींना त्यांनी टायर बदलूच दिलं नाही, ओझं कमी करा म्हणाल्या. अशी माणसं चिडून दुसरीकडं जायची. वैनी त्यांच्यामागं काही बोलायच्या नाहीत.

एकदा एक धिप्पाड ड्रायव्हर आला. बाईच्या हातानं नट निघायचा नाही म्हणून त्यानं टॉमी स्वतःकडं घेतली, तिला पुढं पाइप जोडला आणि सगळं अंग टाकून ओढायला लागला. वैनी शेजारी उभ्या राहून बघत होत्या. तो घामानं निथळला, तेव्हा म्हणाल्या, ‘दादा, डाव्या बाजूचं आटं उलटं असत्यात. तुमी आवळताय.’ रांगेतल्या सगळ्या गाड्यांवरची माणसं हसली. वैनी हसल्या नाहीत. तो नट आता जास्तच आवळला गेला होता आणि सोडवायचं काम त्यांच्याच वाट्याला होतं.

त्यांची मुलगी सुजाता शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला बारामतीत होती. तिनं हे काम शिकावं असं वैनींना अजिबात वाटत नव्हतं. तिनं कधी टॉमीला हात लावला तरी ओरडायच्या. मात्र सुट्टीत ती घरी आली की तिला भाऊंजवळ बसवून ठेवायच्या. ‘त्यांचं बोलनं समजून घे,’ म्हणायच्या. ‘सवय लागती कानाला.’ सुजाताला थोडंथोडं कळायला लागलं होतं.

मागल्या वर्षी वैनींचं पोट दुखायला लागलं. त्यांनी ते बरेच महिने कुणाला सांगितलं नाही, हंगाम होता. पुण्याच्या दवाखान्यात नेलं तोवर गाठ वाढली होती. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी सुजाताला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. मी भेटायला गेलो तेव्हा वैनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीवर त्यांचे हात वेगळेच दिसत होते. नखांच्या कडेचा काळा रंग तसाच, महिनाभर काम नसूनही. आम्ही दुकानाचं बोललो. कुठल्या ट्रेलरला काय घातलं, कुणाचं काय राहिलं. मग त्या म्हणाल्या, ‘तुमाला एक खोटं सांगितलं हुतं, मिलिंदराव. गुळाचं.’

मला आधी कळेना. त्यांनीच उलगडून सांगितलं. श्रीपतभाऊ त्या दिवशी गुळाचं बोलत नव्हते. ते म्हणत होते, हात मीच केला होता. घाम पुसायला नाही, तुला सांगायलाच केला होता, चूक माझी, रिंग बसायच्या आधी मी खूण केली. शुद्धीवर आल्यापासून ते हेच म्हणत आले होते. आठवड्यातून एकदा तरी.

‘मग तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?’ मी विचारलं.

‘काय सांगू... माझ्यासाठी म्हणत असतील तर? माझं मन हलकं व्हावं म्हणून. त्यांचं बोलनं एकटी मीच लोकास्नी सांगनार, आन् त्यात माझीच सुटका सांगायची व्हय? कोण खरं मानंल? मलाच खरं वाटत न्हाय.’ मग म्हणाल्या, ‘आन् खरं असंल, तर इतकी वर्सं मी त्यांचं ऐकलंच न्हाय म्हंजी.’

मी म्हणालो, वैनी, ते खरं असेल. त्या म्हणाल्या, ‘असंल बी.’ मग त्यांनी पाणी मागितलं. निघताना दारातून मी सवयीनं हात वर केला आणि लगेच खाली घेतला. तोंडानं म्हणालो, ‘येतो, वैनी.’ त्या म्हणाल्या, ‘या. जयभीम.’ त्यानंतर आमची भेट नाही.

मी पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. शेडमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. कोऱ्हाळ्याची माणसं आली होती, इब्राहीमचाचा आले होते, आणि रस्त्यावर तीन-चार ट्रेलर एकामागं एक उभे होते. त्यांचे ड्रायव्हर चपला काढून मागच्या ओळीत बसले होते. बुद्धवंदना झाली. दोघं-तिघं बोलले, मला बोलायला सांगितलं तेव्हा मी टायरचा खुलासा खोटा लिहिल्याचं सांगितलं. ते तिथं सांगायचं होतं की नाही, कोण जाणे. मग पंगती बसल्या. सुजाता वाढण्यात होती. दुकानाचं काय करायचं हे अजून ठरलं नव्हतं. ती म्हणाली, परीक्षा होऊ दे, मग बघू.

श्रीपतभाऊ मागच्या खोलीत खाटेवर एकटेच बसले होते. माणसं येऊन त्यांच्या पाया पडत होती, खांद्याला हात लावत होती आणि बाहेर जात होती. ते कुणाकुणाशी बोलायला बघत होते. समोरचा माणूस ‘व्हय, व्हय’ म्हणून मान हलवायचा आणि निघायचा. मी शेजारी स्टुलावर बसलो. मला वाटलं होतं, ते मला त्या हाताचं सांगतील. मी त्याची तयारी करून आलो होतो. पुण्याहून परतल्यापासून मला हे वाटत होतं की एकदा त्यांच्या तोंडून ऐकावं आणि ते खरं की नाही हे वैनींच्या वतीनं ठरवून टाकावं.

ते बोलले. मला कळलं नाही. मीही ‘व्हय’ म्हणालो.

त्यांनी त्यांच्या धड डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मला कळलं नाही हे त्यांना कळलं. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. मी पुढं वाकलो. दोनच शब्द होते, पण कुठला कुठं संपतो हे लागत नव्हतं. तिसऱ्यांदा त्यांनी एका हातानं जबडा धरला, वाकड्या बाजूनं वर रेटला, आणि एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. तेव्हा ऐकू आलं.

‘जेवला का?’

मी म्हणालो, ‘न्हाय, भाऊ.’

त्यांनी खाटेवर सरकून जागा केली आणि बाहेरच्या दिशेनं एक हाक मारली. हाकेत शब्द काही उमगला नाही, पण सुजाता दोन ताटं घेऊन आली.